चाऊसबाबांचा रांजण

काल आमच्या नातीनं, सुमननं, वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'फायदे', दुसऱ्या बाजूला 'तोटे'. तिच्या नवऱ्याला अरबांच्या वाळवंटी मुलखात नोकरी मिळते आहे. जावं की जाऊ नये याचा निवाडा ती त्या पानावर करायला बसली होती. पगार चांगला, राहायला घर, सोनं स्वस्त, हे एका अंगाला. ऊन, वाळू, पोरांची शाळा, हे दुसऱ्या अंगाला. मग पेन्सिल चावत मला म्हणाली, "आजी, तुला काही सुचतंय का गं? पण तू बीडच्या बाहेर कधी पडली नाहीस, तुला काय माहीत म्हणा."

मी म्हटलं, "तो मुलुख मी सत्तर वर्षांपूर्वी पाठ केलाय. पाच फायदे उजव्या हातावर, चार तोटे डाव्या हातावर."

"आणि डाव्या हाताचं पाचवं बोट?"

"ते मिटलेलं असायचं," मी म्हटलं, आणि माझा चहा निवून गेला.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव बीडच्या पश्चिमेला, बालाघाटाच्या उतरणीवर. पुढं दोन कोसांवर इंग्रजांची हद्द लागायची, म्हणून गावाबाहेर वाटेवर करोडगिरीचा नाका होता. इकडचा माल तिकडं जाताना आणि तिकडचा इकडं येताना गाड्या तिथं थांबायच्या, कारकून पोती उकलून बघायचा. कारकून येत-जात राहिले. पहाऱ्यावरचा माणूस मात्र एकच. निजामाच्या चाकरीत अरब शिपाई असत, त्यांना आमच्याकडं चाऊस म्हणत. हेही चाऊसच. म्हातारे, म्हणून बाबा. त्यांचं खरं नाव सालम होतं, ते मला फार उशिरा कळलं. गावानं कधी विचारलंच नव्हतं.

आमचा मळा नाक्याला लागून होता. मधे काटेरी कुंपण, आणि कुंपणाला एक भोक, बरोबर माझ्या अंगाच्या मापाचं. ते कुणी पाडलं हे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुष्कळ शोधलं. मीही त्यांच्याबरोबर मोठ्या तळमळीनं शोधलं.

चाऊसबाबा उंच, वाळलेल्या शेंगेसारखे. दाढी मेंदीनं लाल केलेली. लुंगी, कमरेला रुंद पट्टा, आणि पट्ट्यात आकड्यासारखा वाकडा जंबिया. गावातल्या आया पोरांना "खा, न्हाईतर चाऊस येईल" म्हणून दोन घास जास्त चारायच्या. मी दहा वर्षांची होते आणि गावात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. अक्कल गुडघ्यात, आणि गुडघे कायम फुटलेले. एकदा त्या जंबियाला रक्त असतं का ते बघायला मी भोकातून पलीकडं सरकले. बाबा लिंबाखाली बसून बांधावरचं शेंदाड चिरत होते. त्या जंबियानंच.

"किती मानसं मारली याच्यानं?" मी विचारलं.

त्यांनी पातं लुंगीला पुसलं, उन्हात धरून बघितलं. "इन्सान? तौबा. शेंदाडं मारली. बेहिसाब." आणि एक फोड माझ्यापुढं केली. मी घेतली नाही. त्यांच्या हातचं खायचं नाही हे मला पाळण्यातच शिकवलेलं होतं. त्यांनी फोड परत ओढून स्वतःच खाल्ली, तोंड वाकडं न करता, जणू ती पहिल्यापासून त्यांचीच होती.

तेव्हापासून ते मला 'शैतान की खाला' म्हणायला लागले. मी सैतानाची मावशी. मला वाटलं, मोठी पदवी मिळाली. आठवडाभर मी घरात सगळ्यांना तेच नाव सांगत होते. शेवटी आईनं अर्थ विचारून घेतला आणि पाठीत धपाटा घातला.

पाणी पिण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. उभ्यानं कधी प्यायचे नाहीत. खाली बसायचे, वाडगं दोन्ही हातांत धरायचे, तीन घोटांत प्यायचे, आणि प्रत्येक घोटानंतर थांबायचे. तळाशी चमचाभर राहिलं तर ते लिंबाच्या मुळाशी. हात धुवायचे ते मिरचीच्या रोपावर. चूळ भरायची तीही रोपावर. आम्ही पोरं मोटेच्या थारोळ्यात उड्या मारून एकमेकांच्या अंगावर पाणी उडवायचो, तेव्हा ते तोंड फिरवून बसायचे. लाजेनं नाही. एखाद्याला भाकरी तुडवताना बघावं तसं त्यांना होत असावं.

आणि त्यांचा मुलुख. हजरमौत म्हणायचे. अरबस्तानाच्या पार खालच्या टोकाला, समुद्राजवळ, पण गोड पाण्याचं नाव नाही. गावात कुणाला तो उच्चार जमला नाही, म्हणून गावानं तो मुलुख नसल्यातच जमा केला. मी मात्र रोज भोकातून जाऊन ऐकायची. ते उजव्या हाताची करंगळी धरायचे आणि सुरू करायचे.

"एक. दिन जहन्नम, मगर रात ऐसी ठंडी के पूछ मत. दो. शहद." आमच्या कुंपणाच्या बोरीकडं बोट दाखवून म्हणायचे, "येच झाड. तुम्हारे इधर पोरं इसकू दगड मारतीं, हमारे उधर मख्खी इसका शहद बनाती. तीन. खजूर. तुम्हारी शिंदी ताडी देती, हमारा खजूर रोटी देता. चार. घरां. मट्टी की, सात-सात मजले की."

मातीची सात मजली घरं मी घरी सांगितली. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चाऊस अफू खातो काय बे?" असं त्यांनी गड्याला विचारलं, आणि पाच-सहा दिवस गावात ज्याची भिंत पडेल त्याला लोक म्हणायचे, "चाऊसला बोलाव, सात मजले चढवून देईल." मी काय केलं? मीही हसले. नुसती हसले नाही, चाऊसबाबांची नक्कल केली, दाढीच्या जागी मक्याच्या कणसाची शेंडी लावून. सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भोकातून गेले आणि म्हटलं, "बाबा, पुढचं सांगा." असली मी.

पुढचं म्हणजे अंगठा. पाचवा फायदा सांगताना ते अंगठा नुसता धरायचे नाहीत, मुठीत घ्यायचे. "हमारे मुलुख में पानी न्हई, मगर प्यासा बी न्हई. तुम्हारे इधर पानी बी हाय, प्यासा बी हाय." हे ते दर वेळी सांगायचे आणि मला दर वेळी ते उलटं वाटायचं. पाणी नाही तर तहानलेले जास्त असणार, एवढा साधा हिशेब या म्हाताऱ्याला येत नाही, म्हणून मला त्यांची कीव यायची.

डावा हात ते भरभर उरकायचे. वारा, आणि त्यानं भाकरीत येणारी वाळू. टोळ. वैर: दोन घराण्यांत खून पडला की बायका पाणी आणणार आणि पुरुष घरात कोंडून घेणार, त्यांचा मामा आठ वर्षं उंबऱ्याबाहेर आला नाही. चौथं बोट: प्रत्येक घरातला एक मुलगा समुद्रापार जातो. एवढं झालं की थांबायचे. डाव्या हाताचा अंगठा तळव्यात मिटलेलाच.

"पाचवं?" मी विचारायची.

"नक्को," म्हणायचे. "चार बस हाय."

एका हिवाळ्यात ते पगाराला बीडला गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. लिंबाखाली बसले. मी भोकातून गेले, शेजारी बसले, खोकले, दगड वाजवले. दोन दिवसांनी त्यांनी आपण होऊन डावा हात पुढं केला आणि अंगठा उघडला.

"खबर," म्हणाले. "उधर की खबर इधर आने कू दो बरसात लगती. मेरी अम्मी मर गई. दो बरस हुए. मैं हर जुम्मे कू उसके वास्ते सलाम भेजता था. किसकू भेजता था?"

मी म्हटलं, "आमच्या गाईचं वासरू बी मेलं." खरंच म्हटलं. आज सत्तर वर्षं मी ते वाक्य परत घ्यायला बघते आहे.

ते हसले. "अरे अरे," म्हणाले, "कब?" आणि वासराची सगळी हकीकत विचारून घेतली.

त्यानंतर त्यांनी ते काम काढलं. लिंबाखाली माती कालवून कमरेएवढा घुमट उभा केला. बाहेरून चुना दिला, पांढरा शुभ्र. समोर तीन गोल भोकं ठेवली, आणि आत कुंभाराकडचा मोठा रांजण अर्धा जमिनीत पुरून बसवला. प्रत्येक भोकापाशी लाकडी वाडगं. त्यांच्या मुलखात वाटावाटांवर असे घुमट असतात म्हणे. मेलेल्या माणसाच्या नावानं कुणीतरी बांधतो, कुणीतरी भरतो. येणाऱ्यानं भोकातून हात घालायचा, वाडगं बुडवायचं, प्यायचं, जायचं. जेवढे पितील तेवढा त्या मेलेल्याच्या जिवाला गारवा. आणि एक नेम असा की भरणाऱ्यानं पिणाऱ्याकडं बघायचं नाही. बघितलं की पिणारा मिंधा होतो.

म्हणून नाक्याच्या खोलीचं दार ते दुपारभर लावून घ्यायचे. बघायचे ते फक्त संध्याकाळी, रांजणात पाणी किती उतरलं ते.

गावानं नाव ठेवलं, 'चाऊसचं देऊळ'. प्यायचं कोण? नारायणगडाच्या दर्शनाला निघालेली माणसं लिंबाच्या सावलीला टेकायची, घुमटाकडं बघायची, मला विचारायची, "कुनी भरलंय गं पोरी?" मी सांगायची. ऐकलं की उठून चालू लागायची, वाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवत. एक म्हातारा तर म्हणाला, "लिंबागणेशला जाऊन पिऊ." लिंबागणेश तिथून दिवसभराची वाट.

त्या वर्षी पाऊस धड झाला नव्हता. माघातच आमच्या विहिरीनं तळ दाखवला, आबांनी मोट सोडली. मग बाबा अर्ध्या कोसावर नदीत जायचे, वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटी-वाटीनं घागरी भरायचे, आणि उजाडताना खांद्यावर कावड घेऊन यायचे. गुडघा त्यांचा दुखरा. चालताना एका बाजूला झुकायचे, पण घागर हलायची नाही. संध्याकाळी रांजणात हात घालून बघायचे आणि म्हणायचे, "चार उंगली उतर्या. मट्टी पी गई होगी."

नवा रांजण झिरपतो, हे खरं होतं. मलाही तेच वाटलं. पाणी पिणारं माणूस मी एकही बघितलं नव्हतं.

आता इथं मला दया आली आणि मी अमुक केलं, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण आधी गंमतच वाटली होती. एका दुपारी, बाबा नमाज पढून आत पडले असताना, मी तांब्या घेऊन भोकातून गेले आणि घुमटाच्या भोकातून डोकं-खांदे आत घालून रांजणातलं अर्ध्याहून जास्त पाणी आमच्या कुंपणाच्या भोपळ्याच्या वेलाला घातलं. संध्याकाळी बाबांनी हात घातला. हात खाली, खाली, आणखी खाली गेला. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "शैतान की खाला," मला म्हणाले, "आज पंधरा लोगां पी गए. पंधरा." मग ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तेव्हा दया आली. गंमत आणि दया मिळून मी ते रोज करायला लागले. कधी पंधरा, कधी वीस. एकदा उत्साहाच्या भरात पन्नास माणसांचं पाणी उपसलं. बाबा म्हणाले, "बरात गई होगी." त्यांची मान ताठ झाली. ते दाढीला ताजी मेंदी लावू लागले. वेलाला भोपळे लागले, दुष्काळाच्या वर्षात, डोक्याएवढे. आईनं एक भोपळा बाबांना धाडला. त्यांनी तो आमच्या कुटुंबाला दुवा देत खाल्ला.

चैत्र सरत आला होता. एका दुपारी माझं काम उरकून मी कुंपणाशी रिकामा तांब्या घेऊन उभी होते. डोंगराच्या वाटेनं सोनाबाई आली, डोक्यावर सरपणाचा भारा. सोनाबाई गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तिला आणि तिच्या माणसांना गावच्या विहिरीवर चढायची बंदी होती, आमच्याही. तिनं भारा लिंबाला टेकवला, इकडंतिकडं बघितलं, आणि सरळ घुमटापाशी जाऊन पहिल्या भोकात हात घातला. खांद्यापर्यंत घातला. मग दुसऱ्या भोकात. मग तिसऱ्या. भोकं ठरावीक उंचीवर होती. पाणी अर्ध्याखाली गेलं की हात पोचत नसे. ती खाली बसली. मग हळूच कुशीवर झाली.

मला वाटलं, झोपली.

मी एक खडा मारून बघितला. उठेना. तेवढ्यात बाबा दार उघडून बाहेर आले, आणि त्या गुडघ्यानं मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं ते बघितलं. आतून आपली सुरई आणून त्यांनी तिच्या तोंडात थेंब-थेंब पाणी सोडलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"बाबा," ती म्हणाली, "कावून वो कोरडं ऱ्हातंय? पंदरा-वीस दिस झालं. आदी रोज मिळायचं. तुमच्या पान्याच्या भरवशावर आमी डोंगरावरून नीट खाली उतरतो, न्हाईतर वड्याच्या अंगानं गेलो आसतो."

"आदी?" बाबांनी विचारलं. "आदी तुमी पीत होती?"

"रोज. आमी पाच जनी. तुमी बगत न्हाई, म्हनून बरं वाटायचं."

"रोज पाच," बाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "रोज पाच." त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला नीट सांगता येत नाही. चार बोटं पाणी मातीनं नव्हतं प्यालं. आणि त्याच क्षणी त्यांची नजर खाली गेली. भोकापासून निघालेली ओली रेघ, लहान पावलांच्या खुणा, कुंपण, वेल, मी.

सोनाबाईला सावलीत टेकवून ते कुंपणाशी आले.

"कितने दिन, बेटी?" शैतान की खाला म्हणाले नाहीत.

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी भोपळ्यांकडं बघितलं. "दो दिन में भोपळा इत्ता न्हई होता."

"वीस."

"कायकू?"

"तुमाला बरं वाटावं म्हनून." यातलं अर्धं खरं होतं. जे अर्धं चांगलं दिसेल तेच मी बोलले. कुणीच पीत नाही, असं मी धरून चालले होते. पाच बायका रोज माझ्या कुंपणासमोरून जात होत्या, पण 'कुणी' म्हणताना त्या मी धरल्याच नव्हत्या. दहाव्या वर्षी एवढी मोजणी मला कुणी न शिकवता येत होती.

बाबा तिथंच मातीत बसले. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते मला त्यांच्या अम्मीचं सांगायला लागले. सोळा वर्षांचे असताना ते घर सोडून निघाले. दाराशी तांडा उभा, बरोबरचे मित्र उंटांवर बसलेले. अम्मी वाडगं भरून घेऊन आली, म्हणाली, लांबची वाट आहे, एक घोट घेऊन जा. मित्र बघत होते. लहान पोरागत आईच्या हातून पाणी प्यायची त्यांना लाज वाटली. "मैंने बोला, प्यास न्हई. उसने हात रख्या वाडगे पे, ऐसा," म्हणून त्यांनी एका तळव्यावर दुसरा तळवा पालथा ठेवला, "और अंदर गई. बस. उसके बाद मैं उसकू देख्या न्हई."

मग म्हणाले, "कल आना. एक घोट पीना. बस इत्ती सजा."

"आई मारंल," मी म्हटलं.

"हौ," ते म्हणाले. "अम्मी कू पूछ के आना."

मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन खेपा सुरू केल्या. एक उजाडताना, नेहमीची. दुसरी भर दुपारी, जेव्हा कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. सांडलेलं पाणी पाण्यानंच भरून द्यायचं, पोराच्या हातून सांडलं तर मोठ्यानं भरायचं, असा त्यांच्या मुलखाचा कायदा. वीस दिवस मी सांडलं, वीस दिवस ते भरणार. हे त्यांनी मला नाही सांगितलं. सोनाबाईला सांगितलं, आणि सोनाबाईनं आमच्या गोठ्याबाहेर शेण वेचताना मला ऐकू जाईल अशा आवाजात भिंतीला सांगितलं.

मी भोकातून बघायची. पलीकडं जायची नाही. माझं लग्न ठरलं होतं. आईनं एक दिवस बोरीची फांदी आणून ते भोक बुजवून टाकलं आणि म्हणाली, "आता नवरी झालीस, रांगत फिरू नको." मला तिचा राग यायला हवा होता. मला सुटल्यासारखं झालं.

बाबा त्या वर्षी मृगाच्या आधी गेले. वीस दिवस पुरे झाल्यावरही त्यांनी दुपारची खेप सोडली नव्हती म्हणे. झिऱ्यावर कावड उतरवून टेकले, ते टेकलेलेच. घागरी भरलेल्या होत्या. हे मला पंचमीला माहेरी आल्यावर आबांनी सांगितलं. "लई ऊन घेतलं म्हाताऱ्यानं," आबा म्हणाले. "दुपारची खेप कावून करायचा कुनाला ठावं." मला ठाऊक होतं. मी दिंडं खात होते. खातच राहिले. तूप मागून घेतलं.

पुढचा उन्हाळा सोनाबाई आणि तिच्या चौघींनी पाळीपाळीनं रांजण भरला. कुणी चुना द्यायला नव्हतं. त्याच्या पुढच्या पावसात घुमट विरघळला, लिंबाखाली मातीचा उंचवटा तेवढा राहिला. त्यांच्या मुलखाला खबर कुणी धाडली की नाही, मला माहीत नाही. धाडली असेल तर दोन पावसाळे लागले असतील.

सुमनला मी एवढंच सांगितलं की जायचं तर जा, पण तोट्याच्या अंगाला उशिरा येणाऱ्या खबरेसाठी एक जागा मोकळी ठेव. ती म्हणाली, "आता तार आहे, आजी." बरं, तार आहे.

पण मला चाऊसबाबा दिसतात ते झिऱ्यावरचे नाही. ते मी बघितलेच नाहीत. दिसतात ते त्याआधीचे, माझ्या लग्नानंतरच्या दुपारचे.

सासर हद्दीपलीकडं, इंग्रजांकडच्या मुलखात. म्हणून वऱ्हाडाच्या गाड्या नाक्यावर थांबल्या. कारकून रुखवताची पितळी भांडी उतरवून बघत होता. मी गाडीत, डोक्यावरून पदर, शेजारी आतेसासू. सकाळपासून रडून घसा चिकटला होता. उन्हात लिंबसुद्धा पांढरा दिसत होता. त्या उन्हातून बाबा आले, एका बाजूला झुकत, खांद्यावर कावड. तो सतरावा दिवस. मी मोजत होते.

गाड्या बघून ते थबकले. कावड उतरवली. वाडगं लुंगीनं पुसलं, घागरीत बुडवलं, दोन्ही हातांत धरून गाडीपाशी आले.

"सफर है, बेटी," म्हणाले. "एक घोट."

आतेसासूचं कोपर माझ्या बरगडीत लागलं. पुढच्या गाडीतून दोन-चार माना मागं वळल्या. वाडग्यात पाणी इतकं स्थिर होतं की त्यात गाडीची बांबूची तट्टी दिसत होती. मी जीभ टाळूला लावून बघितली. ती लवकर सुटेना.

"तान न्हाई मला," मी म्हटलं.

"हौ," बाबा म्हणाले.

मग त्यांनी वाडग्यावर तळवा पालथा ठेवला आणि सावकाश घुमटाकडं गेले, थेंब न सांडता. वाकले. मधल्या भोकातून वाडगं आत नेलं. कारकुनानं हात केला, गाडीवानानं बैलांच्या शेपट्या पिळल्या. मी पदराआडून मागं बघत होते. गाडी हलली तेव्हा त्यांचा हात खांद्यापर्यंत आत होता, आणि तोंड पलीकडं होतं.